राहात्यास बांधलेलें जहाज

जहाज हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें मुंबई येते, मालवण येतें, विजयदुर्ग येतो. राहाता कोणाच्याहि डोळ्यांपुढें येत नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे. नगर-मनमाड रस्त्यावरचें हें आमचें गांव पर्जन्यछायेच्या प्रदेशांत वसलेलें. पेरूच्या बागा, ऊंस आणि गोदावरीचा उजवा कालवा एवढीच आमची ओली दौलत. मुंबईचा समुद्र पाहावयाचा म्हटलें तर दोनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. खुद्द गोदावरीलाहि आमच्या पश्चिम समुद्राचें अगत्य नाहीं. त्र्यंबकेश्वरीं तिचा उगम होतो. तेथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरांच्या आसपास. परंतु त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेची वाट धरते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. अशा गांवीं बसून मीं एक जहाज बांधलें. तें ४० सेंटिमीटर लांब आहे, दिवाणखान्यांतल्या फडताळावर उभें आहे, आणि पाण्याचा थेंबहि त्यानें कधीं पाहिलेला नाहीं. तरी तें बांधतांना जें शिकावयास मिळालें, तें आपणांस सांगावें म्हणून आज मी येथें आलों आहें.

सारी हयात मीं शाळेंत गणित शिकविण्यांत घालविली. निवृत्त झालों त्या वर्षीं पुण्याच्या पुतण्यानें एक पेटी आणून दिली. "काका, आतां वेळ आहे तुमच्याजवळ," एवढेंच तो म्हणाला. पेटीवर शिडें फुगवून निघालेल्या एका डौलदार नौकेचें रंगीत चित्र होतें. झांकण उघडलें, तों आंत नौका नव्हतीच, काड्या होत्या! प्लायवूडच्या तक्त्यांतून लेसर किरणांनीं कापलेले कांहीं विचित्र आकार, हलक्या पांढुरक्या लांकडाच्या लांबच लांब पट्ट्यांचा एक जुडगा, अक्रोडाच्या लांकडाच्या त्याहून पातळ पट्ट्यांचा दुसरा जुडगा, डोलकाठीसाठीं गोल दांडे, पितळेचे बारीक खिळे, मोहरीएवढे लांकडी मणी, दोन रंगांच्या दोऱ्यांचीं गुंडाळीं, शिडांचें कापड, एक पुस्तिका आणि घडी उलगडतां उलगडतां सारें मेज झांकून टाकणारा नकाशा. स्वयंपाकाचें सर्व सामान पुढ्यांत मांडून कोणीं म्हणावें, "घ्या, ही पुरणपोळी!" तशांतला तो प्रकार.

अशा प्रतिकृति बांधण्याच्या मुख्य रीति तीन आहेत. पहिली, भरीव ठोकळा कोरून त्याला जहाजाचा आकार देणें. दुसरी, एका उभ्या कण्यावर ठराविक अंतरानें आडव्या फळ्या बसवून सांगाडा करणें आणि त्यावर पट्ट्या जडविणें. या आडव्या फळ्यांना आपण सोयीसाठीं फांसळ्या म्हणूं. तिसरी, खऱ्या जहाजाप्रमाणें एकूण एक फांसळी निरनिराळी घडवून सांगाडा उभारणें. ही अर्थात् मुरलेल्या हातांची. पेटींतून मिळणारे बहुतेक संच दुसऱ्या रीतीचे असतात. त्यांतहि नवशिक्यानें दुहेरी पट्ट्यांचा संच घ्यावा. पहिला थर आकार देतो व दुसरा शोभा. पहिल्या थरांतील लहानसहान चुका दुसऱ्यास पोटांत घालतां येतात. डोलकाठी शक्य तर एकच असावी, आणि जहाजाचें पुढचें टोक, ज्यास कोंकणांत नाळ म्हणतात, तें फार बोथट नसावें. बोथट नाळेवर पट्टी एकाएकीं वळवावी लागते व पहिल्याच प्रयत्नांत ती मोडते. माझी नौका एका डोलकाठीची, जुन्या काळच्या किनारी गस्तीच्या नौकेच्या धर्तीची होती.

तिचें प्रमाण एकास पन्नास. गणिताच्या मास्तराला येथेंच पहिला आनंद झाला. खऱ्या नौकेवरील एक मीटर म्हणजे माझ्या मेजावर दोन सेंटिमीटर. तेथील २० सेंटिमीटर रुंदीची फळी येथें ४ मिलिमीटरांची पट्टी होते. अडीच सेंटिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा दोरा होतो. आणि १७५ सेंटिमीटर उंचीच्या खलाशाला साडेतीन सेंटिमीटरांतच उभें राहावें लागतें. लांबी पन्नासपटींनीं घटते, पण पृष्ठफळ अडीच हजारपटींनीं आणि घनफळ सव्वा लाखपटींनीं. म्हणून सव्वाशें टनांच्या नौकेची सर्वांगीं हुबेहूब प्रतिकृति केली, तर तिचें वजन अवघें एक किलोग्रॅम भरेल. हें कोष्टक मनांत पक्कें असलें म्हणजे पुढें मोठी मदत होते. एखादी गांठ मेजावर सुबक दिसली तरी ती पन्नासपट मोठी करून पाहावी. खऱ्या नौकेवर ती नारळाएवढी होत असेल तर ती चुकली असें समजावें.

पेटींतली सर्वांत मोलाची वस्तु पितळेची नव्हे कीं अक्रोडाचीहि नव्हे. ती म्हणजे नकाशा. पहिले चार दिवस हत्यारास हात न लावतां नकाशाच वाचावा. बाजूनें, वरून आणि समोरून अशा तीन दृष्टींनीं एकच वस्तु कशी दिसते, हें ताडून पाहावें; प्रत्येक तुकड्याचा अंक त्याच्यावर पेन्सिलीनें लिहावा; आणि मगच तो तक्त्यांतून सोडवावा.

नकाशाचें मोल केवढें असतें, याची एक गोष्ट आपल्या मुंबईच्या इतिहासांतच आहे. ब्रिटिश आरमारासाठीं मुंबईच्या गोदींत 'ट्रिंकोमाली' नांवाचें लढाऊ जहाज बांधावयाचें ठरलें. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यांतले. लांकूड मलबारचें सागवान. सारें सिद्ध होतें, पण विलायतेहून निघालेले नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजावर होते, आणि १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाशीं झालेल्या लढाईंत 'जावा' नष्ट झालें. नकाशे पुन्हां पाठवावे लागले. बांधणीस प्रत्यक्ष आरंभ झाला तो १८१६ सालीं, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं 'ट्रिंकोमाली' पाण्यांत उतरलें. तें आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकणारें लांकूड होतें, बांधणारे हात होते. पण कागद हरवला म्हणून सारें थांबून राहिलें.

ज्या जहाजाचा नकाशा कधीं कोणीं जपूनच ठेवला नाहीं, त्याचें काय करावें? त्याचेंहि उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतून निघालें आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत एका तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचें भित्तिचित्र आहे. पांचव्या शतकांतील अजिंठ्याच्या चित्रावरून भारतीय नौदलानें तशा जातीचें जहाज पुन्हां बांधवून घेतलें. गोव्यास २०२३ च्या सप्टेंबरांत त्याचा कणा घातला गेला. केरळचे कारागीर बाबू शंकरन् यांच्या देखरेखीखालीं फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवण्यांत आल्या. आणि मे २०२५ मध्यें कारवार येथें 'कौण्डिन्य' या नांवानें तें नौदलांत दाखल झालें. चित्रांतून लांबी, रुंदी, वजन कांहींच मिळत नाहीं. म्हणून समुद्राला तोंड देण्यापूर्वीं मद्रासच्या आय.आय.टी.मध्यें त्याच्या लहान प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा घेण्यांत आली. प्रतिकृति हा केवळ फडताळावरचा शौक नव्हे, जें कागदावर सांपडत नाहीं तें ती हातानें शोधून देते, हें या उदाहरणावरून आपल्या ध्यानीं येईल.

आतां हत्यारें. फार नकोत. एक धारदार बारीक सुरी, लहान करवत, दोन कानशी, पोलादी पट्टी, लहान गुण्या, बारीक भोंकें पाडण्याचा हातसामता, चिमटी, आणि खरखरीत ते मऊ असे तीन प्रकारचे पॉलिश कागद. पट्टी जागेवर धरून ठेवण्यास कपडे वाळत घालण्याचे चिमटे उत्तम. आमच्या घरांत हें फारच उत्तम ठरलें; इतकें कीं एके दिवशीं वाऱ्यानें धुणें अंगणभर पसरलें आणि त्या सर्व चिमट्यांचा हिशेब मला द्यावा लागला. चिकटविण्यास सुतारी पांढरा सरस वापरावा. क्षणार्धांत घट्ट होणारे सरसहि मिळतात; परंतु नवशिक्याला चूक कळावयासच दहा मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत तो सरस दगड झालेला असतो. पांढरा सरस सावकाश धरतो, आणि चुकलेल्याला परतीची वाट ठेवतो. हें वाक्य लक्षांत ठेवा. त्या वाटेनें मला पुढें जावें लागलें.

कामाचा आरंभ कण्यापासून. कणा कांचेच्या तुकड्यावर आडवा ठेवून, तो कोठें उचलला आहे काय हें पाहावें. वांकला असल्यास किंचित् ओला करून दोन सपाट फळ्यांमध्यें वजनाखालीं दोन दिवस दाबून ठेवावा. मग प्रत्येक फांसळी आपल्या खांचेंत सरस न लावतां बसवून पाहावी. ती कण्याशीं काटकोन करते कीं नाहीं हें गुण्यानें तपासावें, आणि दोन्ही बाजूंस समान उंचीवर आहे काय हें मोजावें. सर्व फांसळ्या मनासारख्या बसल्या म्हणजेच सरस लावावा, व तोहि एका दिवशीं दोनतीन फांसळ्यांनाच.

यानंतरचें काम दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे, आणि सारें जहाज त्यावर उभें आहे. नौका पुढें निमुळती होत जाते. तेव्हां पुढच्या फांसळ्यांची कड तिरपी घांसावी लागते. तशी न घांसली तर पट्टी फांसळीच्या सबंध कडेवर न टेकतां नुसत्या कोपऱ्यावर टेकते. मागच्या बाजूसहि तेंच, पण उलट दिशेनें. किती घांसावें? याचें उत्तर नकाशा देत नाहीं, एक मोकळी पट्टी देते. ती चारपांच फांसळ्यांवर आडवी धरावी आणि कडेनें पाहावें. एखाद्या फांसळीपाशीं उजेडाची फट दिसली तर ती फांसळी बुटकी. एखाद्या ठिकाणीं पट्टी उचलली गेली तर ती उंच. बुटक्या फांसळीवर लांकडाची चीप चिकटवावी, उंच फांसळी घांसावी. आणि ही परीक्षा वरच्या कडेपासून कण्यापर्यंत निदान सहासात ठिकाणीं करावी.

श्रोतेहो, पुस्तिकेंत हें सारें लिहिलेलें होतें. मीं ती परीक्षा एकाच ठिकाणीं, वरच्या कडेला केली. तेथें पट्टी सुरेख बसली, आणि मी पुढें गेलों.

पट्ट्या जडविणें हें या कामांतलें खरें गणित. समजा, नौकेच्या मध्यावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचा घेर ९६ मिलिमीटर आहे. चार मिलिमीटरांच्या पट्ट्या तेथें २४ लागतील. नाळेजवळ हाच घेर ६० मिलिमीटर असेल, तर त्याच २४ पट्ट्यांना तेथें प्रत्येकीं अडीच मिलिमीटरच जागा मिळणार. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी. पट्टीची रुंदी निम्म्याहून कमी करण्याची पाळी आली, तर एक पट्टी मध्येंच थांबवून तिची जागा शेजारणीस द्यावी. मागच्या टोकाकडे पुष्कळदां उलट होतें. तेथें जागा उरते, व पाचरीसारखी एक जादा पट्टी घालून ती भरून काढावी लागते. प्रत्येक फांसळीच्या कडेवर हे भाग आधींच पेन्सिलीनें आंखून ठेवले म्हणजे गोंधळ होत नाहीं.

पट्टी वांकवावयाची तर अर्धा तास पाण्यांत भिजवावी, तापलेल्या इस्तरीच्या कडेशीं हळूहळू वळवावी, आणि नौकेवर चिमट्यांनीं धरून वाळूं द्यावी. पूर्ण वाळल्यावरच सरस लावावा. याचें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड ओलाव्यानें फुगतें व वाळलें कीं आकसतें. तें लांबींत जवळजवळ आकसत नाहीं, आकसतें तें रुंदींत. ओली पट्टी चिकटविली तर वाळल्यावर दोन पट्ट्यांमध्यें केसाएवढी फट पडते. आमच्याकडील उन्हाळा म्हणजे या दोषाचा मोठा परीक्षक. पावसाळ्यांत बांधलेली नौका वैशाखांत काय म्हणते, तें पाहावें! म्हणून पट्ट्यांचा जुडगा ज्या खोलींत नौका राहणार त्याच खोलींत कांहीं आठवडे मोकळा ठेवावा. आणखी एक नियम: एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूस पट्ट्या जडवीत गेल्यास त्या ओल्या सरसाच्या ओढीनें कणाच वांकडा होतो.

हे सारे नियम मीं पाळले. प्रत्येक बाजूस अकरा, एकूण बावीस पट्ट्या चढल्या. सहा आठवडे गेले होते. आणि मग एका सकाळीं तिरप्या उन्हांत मला डाव्या बाजूस, तिसऱ्या फांसळीजवळ, एक छाया दिसली. बोट फिरविलें, बोटाला खळगा लागला. वरच्या चार पट्ट्या ठीक होत्या; पांचवीपासून पुढें प्रत्येक पट्टी तेथें किंचित् आंत दबली होती, आणि ती दबली म्हणून तिच्या खालची अधिक दबली होती. दिवाळीस पुतण्या येणार होता. मीं लुकण कालविलें. खळगा भरावा, घांसून सारखा करावा, वर अक्रोडाचा थर चढवावा. कोणास काय कळणार आहे?

त्याच दिवशीं आमच्या आळींतले म्हातारे मिस्त्री खिडकी दुरुस्त करावयास आले. त्यांनीं आयुष्याचा पूर्वार्ध बैलगाड्या बांधण्यांत घालविला. गाड्या गेल्या, तेव्हांपासून ते दारें-खिडक्या करतात. समुद्र त्यांनीं पाहिलेला नाहीं. मेजावरची नौका त्यांनीं उचलली, नाळ डोळ्यापाशीं धरली, एक डोळा मिटला आणि मागच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"गुरुजी, फळीला कशापाई लिंपतां? आतलं हाड बसलंय खाली."

"आतां काय करावें मग, मिस्त्री?"

"चाकाचा आरा आखूड पडला तर वरून धाव कितीबी ठोका, चाक डुलणारच." त्यांनीं नौका परत मेजावर ठेवली. "उकला."

एवढें बोलून ते खिडकीकडे वळले. मी मात्र त्या रात्रीं बराच वेळ जागा होतों. सहा आठवड्यांचें काम, दिवाळी तोंडावर, आणि दोष तर असा कीं अक्रोडाच्या थराखालीं तो कायमचा गडप झाला असता. पण तिसऱ्या ओळींत चिन्ह चुकवून शेवटीं पुस्तकांतलें उत्तर जुळवून ठेवणारीं पोरें मीं तीस वर्षें पाहिलीं होतीं, आणि त्यांना एकदांहि पुरे गुण दिले नव्हते. तीं पोरें त्या रात्रीं माझ्याभोंवतीं येऊन बसलीं.

दुसऱ्या दिवशीं कोमट पाण्यांत भिजविलेलें फडकें पट्ट्यांवर ठेवलें. पांढरा सरस मऊ झाला. पातळ पात्यानें एकेक पट्टी सोडविली. त्या कामास दोन संध्याकाळी लागल्या व बावीसांपैकीं नऊ पट्ट्या मोडल्या. सांगाडा पुन्हां उघडा पडला, आणि मिस्त्रींच्या एका डोळ्याला जें क्षणांत दिसलें तें मला मोजून सांपडलें: तिसरी फांसळी डाव्या बाजूस, मध्यापासून खालीं, दीड मिलिमीटर बुटकी होती. प्रमाणानें हिशेब केला तर खऱ्या नौकेवर हें अंतर साडेसात सेंटिमीटर भरतें. दीड मिलिमीटर कोणीहि सोडून देईल. साडेसात सेंटिमीटर खोल खळगा असलेल्या नौकेंतून समुद्रावर कोण जाईल?

चीप चिकटविली, घांसली, आणि यावेळीं पट्टी सात ठिकाणीं धरून पाहिली. मोडलेल्या नऊ पट्ट्यांचा प्रश्न मिस्त्रींनीं सोडविला. पडलेल्या एका वाड्याच्या दाराची सागवानी चौकट त्यांच्याकडे होती. तींतून त्यांनीं पट्ट्या चिरून, रंधून दिल्या. मजुरी घेतली नाहीं. चहा मात्र दोनदां घेतला. सागवान हें जहाजाचें राजलांकूड आहे. त्याच्या अंगांत तेल असतें, पाण्यानें तें सहसा कुजत नाहीं. ओकच्या लांकडांतील आम्लानें लोखंडी खिळे खाल्ले जातात, तसें सागवानांत होत नाहीं. मुंबईच्या गोदींत बांधलेल्या जहाजांची कीर्ति झाली ती याच गुणांमुळें. त्याच जातीच्या लांकडाच्या नऊ पट्ट्या आमच्या जिल्ह्यांतल्या एका चौकटींतून निघून माझ्या नौकेंत बसल्या.

नौकेचें अंग झालें म्हणजे अर्धें काम झालें. पुढें डोलकाठी. गोल दांडा वर निमुळता करावा लागतो. तो हातांत फिरवीत पॉलिश कागदाच्या घडींत धरून घांसावा, व मधून मधून मापून पाहावा. मग दोर. जहाजाचे दोर दोन जातींचे असतात. कांहीं डोलकाठीला ताणून धरतात व जागचे हलत नाहींत. खऱ्या जहाजावर ते डांबर लावून टिकाऊ करीत, म्हणून त्यांसाठीं काळा दोरा घ्यावयाचा. दुसरे शिडें व त्यांच्या काठ्या वरखालीं करण्यासाठीं ओढले व सोडले जातात, ते पिंगट. दोरा मेणांतून ओढून घेतला म्हणजे त्याची लव बसते. स्थिर दोर आधीं, चल दोर नंतर. आंतले आधीं, बाहेरचे नंतर. आणि येथेंहि एक डावीकडे, एक उजवीकडे, नाहींतर सरळ डोलकाठी आपल्याच दोरांच्या ओढीनें कलते. शिडें लावलींच पाहिजेत असें नाहीं. कापडाची वीण प्रमाणांत बसत नाहीं. पन्नासपट केली तर ती गोणपाटाहून जाड होईल. मीं शिडें गुंडाळलेल्या स्थितींत बांधलीं.

या संचांत मुख्यतः युरोप-अमेरिकेंतील जहाजें असतात. काम करतांना वारंवार मनांत येई कीं, आपल्या गुराबा व गलबतें कोठें आहेत? दोनतीन डोलकाठ्यांची, पुढें निघालेल्या नाळेची गुराब, आणि वल्ह्यांवरहि चालणारें चपळ गलबत यांच्या बळावर कान्होजी आंग्र्यांनीं पश्चिम किनारा राखला. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें मराठी आरमाराची गोदी आजहि पाहावयास मिळते. पण कोंकणचा कारागीर नकाशावर विसंबणारा नव्हता. त्याचें माप त्याच्या डोळ्यांत होतें, तें बापाच्या डोळ्यांतून मुलाच्या डोळ्यांत उतरे. आतां किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं लांकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनीं घेतली आहे. 'ट्रिंकोमाली'चे नकाशे बुडाले तेव्हां ते पुन्हां काढून पाठवितां आले. डोळ्यांतलें माप गेलें तर तें कोठून मागवावें? बैलगाडी बांधणाऱ्या आमच्या मिस्त्रींचेंहि तेंच. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यांत आहे.

म्हणून, ज्यांच्या घरीं अशी पेटी येईल त्यांस माझें सांगणें इतकेंच. पहिली नौका सुंदर व्हावी अशी हांव धरूं नका. तींत डोळा तयार व्हावा एवढी अपेक्षा ठेवा. मुलांना बरोबर घ्या. त्यांना सरस लावण्याचें काम देण्यापूर्वीं मोकळी पट्टी धरून फट शोधण्याचें काम द्या. शेजारीं एखादा जुना सुतार असेल तर त्याला चहाला बोलवा, आणि नौका त्याच्या हातांत देऊन गप्प बसा. चूक सांपडली तर तिच्यावर लुकण लिंपूं नका. पांढरा सरस भिजतो.

दिवाळीस पुतण्या आला तेव्हां नौकेला डोलकाठीसुद्धां नव्हती. पट्ट्यांचा पहिला थर नुकता पुरा झाला होता, पांढुरका, आणि त्यांत नऊ ठिकाणीं सागवानाच्या गडद रेघा. तो कांहीं बोलला नाहीं. नौका पुरी झाली ती फाल्गुनांत. आतां घरीं येणारे लोक दोर पाहतात, गांठी पाहतात, अक्रोडाची झळाळी पाहतात. आंतलें सागवान कोणास दिसत नाहीं. वैशाखांत ऊन तापलें आणि मिस्त्री पुन्हां आले, तेव्हां त्यांनीं दोरांकडे पाहिलें नाहीं. नौका उचलली, नाळ डोळ्यापाशीं धरली, एक डोळा मिटला.

"आतां बसली, गुरुजी," ते म्हणाले, आणि त्यांनीं ती जागेवर ठेवली.